एक्झिक्युटेबल वितरण (विविध ऑपरेटिंग सिस्टिमसाठी)

एकच प्रोग्रॅम एक्झिक्युटेबल (थेट चालवता येणारी) फाइल म्हणून वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालेल अशा रीतीने बांधून वापरणाऱ्याच्या हाती पोचवण्याची प्रक्रिया. सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ मजकूर) एक असला, तरी त्यातून तयार होणारी फाइल प्रोसेसरची भाषा, सिस्टिमला कळणारी फाइलरचना आणि तिथल्या लायब्ररी (प्रोग्रॅमांना लागणारा तयार सामायिक कोड) या तिन्हींशी बांधलेली असते. म्हणून विंडोज, लिनक्स आणि मॅकसाठी सहसा तीन वेगळी बिल्ड (सोर्स कोडपासून तयार केलेल्या चालत्या आवृत्त्या) काढावी लागतात.

फरक अगदी पहिल्या बाइटपासून दिसतो. विंडोजची ‘पीई’ रचनेची फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात) उघडली की सुरुवातीलाच ‘एमझेड’ ही अक्षरे येतात. डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम केलेल्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरे. लिनक्सच्या फाइलीत एका अदृश्य बाइटनंतर ‘ईएलएफ’ असते. मॅकच्या ‘माक-ओ’ रचनेत इंटेल आणि एआरएम या दोन्ही प्रोसेसरांचा कोड एकाच युनिव्हर्सल फाइलीत मावतो.

खरी कसोटी असते ती घेणाऱ्याच्या यंत्रावर. समजा, फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानासाठी मराठीत पावत्या छापणारा प्रोग्रॅम लिहिला. कचेरीत जुना विंडोज पीसी, म्हापशाला राहणाऱ्या खजिनदारांकडे मॅक, आणि मदतीला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ (लिनक्सचा एक प्रकार). लिहिणाऱ्याने बिल्ड काढले उबुंटू २२.०४ वर. विद्यार्थ्याच्या टर्मिनलवर उत्तर येते, की ‘जीलिबसी २.३४’ (लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी) सापडत नाही, त्याच्याकडे २.३१ आहे. नव्या जीलिबसीवर जुने बिल्ड चालते, उलटे बहुधा चालत नाही. यावर साधा आणि टिकाऊ उपाय म्हणजे ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमला आधार द्यायचा, तिच्यावरच बिल्ड काढणे. ॲपइमेज किंवा फ्लॅटपॅक या लिनक्सवरच्या पॅकेज-पद्धती वापरून लायब्ररी सोबतही देता येतात, मात्र ॲपइमेजमध्ये जीलिबसी सहसा नसते, ही गोष्ट नवखे विसरतात. गो या प्रोग्रॅमिंग भाषेत दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (बिल्ड काढताना बाहेरून दिलेल्या सूचना) बदलून दुसऱ्या सिस्टिमचे बिल्ड काढता येते. शुद्ध गोमध्ये लिहिलेल्या छोट्या कामांना तीच वाट सर्वांत सोपी.

पेनड्राइव्हवरून नेताना आणखी एक घोळ होतो. पेनड्राइव्हवर सहसा असणाऱ्या एफएटी फाइलसिस्टिमला (फाइली साठवण्याच्या रचनेला) लिनक्सची एक्झिक्युट, म्हणजे फाइल चालवण्याची, परवानगी साठवता येत नाही, त्यामुळे ती परवानगी जपणाऱ्या टार या गठ्ठा-फाइलीत प्रोग्रॅम बांधून न्यावा.

विंडोज आणि मॅकवर सहीचा, म्हणजे प्रोग्रॅम कुणाचा हे सिद्ध करणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीचा, प्रश्न येतो. सही नसलेला, फारसा कुणी उतरवून न घेतलेला प्रोग्रॅम विंडोजचे स्मार्टस्क्रीन हे सुरक्षा-साधन अडवते. मॅकओएस १०.१५ पासून (२०१९) स्टोअरबाहेर वाटलेल्या प्रोग्रॅमला ॲपलचे नोटरायझेशन (ॲपलकडून तपासणी आणि मान्यता) लागते, आणि त्यासाठी डेव्हलपर खात्याची वार्षिक फी ९९ डॉलर. एकट्याने विनामूल्य काम करणाऱ्याला हा भुर्दंड जड आहे. पण वापरणाऱ्याला इशारे डावलायला शिकवणे त्याहून वाईट, कारण उद्या खरा व्हायरस आला तरी तो तसेच बटण दाबेल.

मराठी फाइलनावांची काळजी वेगळी घ्यावी लागते. जत्रेच्या हिशेबाची ‘दुसऱ्या दिवसाची पावणी’ (पावणी म्हणजे लिलाव) ही फाइल घ्या. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एकच अक्षर म्हणून लिहिता येते, किंवा ‘र’ आणि नुक्ता (खालचा टिंब) असे दोन भाग करूनही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावांतली अशी अक्षरे सुटी करून साठवते, तर लिनक्स दिले तसेच बाइट ठेवते. मॅकवरून आलेली फाइल त्यामुळे डोळ्यांना दिसते, पण प्रोग्रॅमला सापडत नाही. नावांची तुलना करण्याआधी दोन्ही नावे युनिकोडच्या एनएफसी (सुटे भाग जोडलेल्या) रूपात आणली, की ती जुळतात.