टोंगळ्यातली ‘नवी’ दोरी

वऱ्हाडात गुडघ्याला टोंगळा म्हणतात. कबड्डीच्या मैदानावरून लंगडत आलेला पोरगा दुखतं म्हणत नाही, ‘टोंगळा निसटते’ म्हणतो. तक्रार अगदी नेमकी असते. सरळ रस्त्यानं चालताना त्याला काही होत नाही. पण चढाईत पकड चुकवायला झटक्यात वळला, की नडगी आतल्या बाजूला फिरते आणि पाय जागच्या जागी दगा देतो.

दोष बहुतेक वेळा एसीएलवर जातो, म्हणजे सांध्याच्या मधोमध असलेल्या लिगामेंटवर (हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट दोरीवर), आणि तो बरोबरही असतो. पण गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला तिची एक अबोल जोडीदारीण आहे: अँटिरोलॅटरल लिगामेंट. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या स्टीव्हन क्लास, योहान बेलेमन्स आणि सहकाऱ्यांनी देहदानातले ४१ गुडघे उघडले, त्यांपैकी ४० मध्ये ही पट्टी सापडली. मग जगभर बातम्या झळकल्या, शरीरात नवा भाग सापडला!

नवा कसला? फ्रेंच सर्जन पॉल सेगाँड यांनी १८७९ मध्येच मृतदेहांचे गुडघे जोर लावून आत पिळून पाहिले होते. बाहेरच्या बाजूला मोत्यासारखी चकाकणारी चिवट पट्टी ताणली जाते आणि नडगीच्या वरच्या कडेचा टवका उडतो, असं त्यांनी लिहून ठेवलं. एक्स-रेचा शोध त्यानंतर १६ वर्षांनी लागला. गंमत अशी, की टवक्याला ‘सेगाँड फ्रॅक्चर’ हे नाव चिकटलं आणि पट्टी विस्मरणात गेली. ती सांध्याच्या आवरणात इतकी मिसळलेली असते, की चिरफाड करताना सहज कापली जाते.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला बाहेरून जो उंचवटा हाताला लागतो, तिथून ती निघते आणि तिरकी खाली-पुढे उतरून नडगीला चिकटते. गुडघा साधारण ३० अंशांच्या पुढे वाकला, की नडगीला आत फिरू न देण्यात ती हातभार लावते. हाड पुढे सरकू न देणं हे मुख्यतः एसीएलचं काम. काही शरीररचनातज्ज्ञ मात्र तिला वेगळं लिगामेंट मानतच नाहीत, आवरणाचाच जाड झालेला भाग म्हणतात. मला हा वाद नावापुरता वाटतो. पिळा रोखायला बाहेरच्या बाजूला आधार लागतो, हे दोघांनाही मान्य आहे.

शस्त्रक्रियेत हे आधीच उमगलं होतं. मार्सेल लेमेअर यांनी १९६७ मध्ये मांडीच्या बाहेरच्या पट्ट्यातली चिंधी वापरून असा आधार द्यायची पद्धत मांडली. पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं ती मागे टाकली. आता ती परतली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१८ तरुण रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेनं बसवलेली नवी एसीएल दोन वर्षांत पुन्हा तुटण्याचं प्रमाण या जोड-आधारानं ११ टक्क्यांवरून ४ वर आलं.

आपल्याकडे तालुक्याच्या गावी एक्स-रे निघतो. एमआरआयसाठी नागपूर नाहीतर अमरावती गाठावी लागते, त्यात मजुरी बुडते. म्हणून सेगाँडचा तो टवका इथं मोलाचा. समोरून काढलेल्या साध्या फिल्मवर नडगीच्या बाहेरच्या कडेला नखाएवढी पातळ रेघ दिसली, तर आत एसीएल तुटल्याची दाट शक्यता असते. ‘हाड शाबूत आहे, मुका मार आहे’ म्हणून फिल्म पिशवीत घालण्याआधी ती कडा एकदा उजेडात धरून पाहावी.