पायरेथ्रॉइडच्या आधी डीडीटी येऊन गेलं होतं

परमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातलं, म्हणजे फुलांतल्या पायरेथ्रमच्या धर्तीवर बनवलेलं कीटकनाशक 1973 मध्ये तयार झालं, तेव्हा त्याला सहज दाद न देणाऱ्या घरमाश्या आधीच अस्तित्वात होत्या. ही करणी डीडीटीची. त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी 1939 मध्ये ओळखला आणि 1946-47 मध्येच स्वीडन व इटलीतल्या घरमाश्यांवर ते फिकं पडू लागलं. काही वाणांतल्या माश्या लवकर लोळतच नव्हत्या, आणि हे फक्त डीडीटीपुरतं नव्हतं. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून मिळणाऱ्या पायरेथ्रमपुढेही त्या तशाच तग धरत. या गुणाला पुढे ‘केडीआर’ (नॉकडाउन रेझिस्टन्स, म्हणजे न लोळण्याचा प्रतिकार) असं नाव पडलं.

त्याचं कारण जनुकाच्या पातळीवर 1996 मध्ये हाती लागलं. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्ही चेतापेशीच्या सोडियम चॅनलला (सोडियम आत सोडणाऱ्या प्रथिनाच्या दाराला) चिकटून तो उघडा ठेवतात. त्या चॅनलमध्ये 1014 व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलॲलनिन आलं, की दोघांचीही पकड सैल होते. माशीला औषधाची ‘सवय’ होते असं बोललं जातं, ते चूक आहे. बदल असलेल्या माश्या फवारणीतून वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. क्रॉस रेझिस्टन्स म्हणतात तो हाच: निवड एका औषधाने केली, फटका दुसऱ्याला.

लक्ष्य एकच असेल तर अंदाज तरी बांधता येतो. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट हे कीटकनाशकांचे दोन्ही गट ॲसिटिलकोलिनएस्टरेज या चेतासंस्थेतल्या एन्झाइमवर काम करतात, म्हणून तिथेही हाच धोका. खरी डोकेदुखी विष फोडणाऱ्या एन्झाइम्सची. पांढऱ्या माशीतलं सीवायपी6सीएम1 हे पी450 कुळातलं (विष फोडणारं) एन्झाइम इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फोडतं आणि पायमेट्रोझिनही. दोघांची लक्ष्यं वेगळी, औषध कसं मारतं त्यानुसार लेबलवर असलेले गट क्रमांकही वेगळे. म्हणजे केवळ क्रमांक बघून औषध आलटूनपालटून मारणारा इथे फसतो.

प्रतिकाराचं कारण कोणतं, हे ॲनोफिलिस (मलेरिया पसरवणाऱ्या) डासांत नळीच्या चाचणीने तपासतात. रक्त न प्यायलेल्या, 3 ते 5 दिवसांच्या माद्या, नळीत 20 ते 25, 0.75 टक्के परमेथ्रिनच्या कागदाशी 1 तास. मेलेल्यांची मोजणी 24 तासांनी. मृत्यू 98 टक्के किंवा जास्त असेल तर डास संवेदनशील, 90 च्या खाली असेल तर प्रतिकार पक्का. मग दुसऱ्या तुकडीला आधी 1 तास 4 टक्के पायपरोनिल ब्युटॉक्साइड (पीबीओ) देतात. ते पी450 ची क्रिया अडवतं. मृत्यू पुन्हा 98 च्या वर गेला तर दोष एन्झाइमचा. थोडाच वाढला तर केडीआरसारखं आणखी काही सोबत आहे. इथे एक चूक नेहमी होते: तासाभरात लोळलेले डास मेलेले धरले जातात. एन्झाइम जोरात असलेले डास विष पचवून पुन्हा उठतात, म्हणून 24 तास थांबायचंच. शिवाय माद्या वयस्कर असल्या तर त्या सहज मरतात आणि प्रतिकार असूनही आकड्यात दिसत नाही.

आधीचा प्रतिकार कधीकधी आपल्या पथ्यावरही पडतो. क्लोरफेनापायर हे कीटकनाशक मुळात अर्धवट विष. कीटकाच्या शरीरातलं पी450 च त्याला कामाच्या रूपात आणतं. त्यामुळे पायरेथ्रॉइड पचवणारा डास त्याला बळी पडू शकतो. पण त्याच्या जोडीला पीबीओ दिलं, तर हे रूपांतरच अडतं आणि औषधाचा जोर कमी होऊ शकतो.