काळे कोपरे वेगळे, आभाळातला काळा पट्टा वेगळा

पाऊस उघडला की कुणी ना कुणी मोबाइलवरचा फोटो पुढं करतो. बीबी का मकबरा, वाइड लेन्स, सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे फिरवून आभाळ गडद करणारा फिल्टर) लावलेला. घुमटामागं आभाळ शाईसारखं गर्द आणि दोन्ही बाजूंना विटलेल्या शर्टासारखं फिकट. प्रश्न ठरलेला: "सर, व्हिग्नेटिंग येतंय, कोणता स्लिम फिल्टर घेऊ?" व्हिग्नेटिंग म्हणजे फोटोचे कोपरे काळे पडणं. अरे बाबा, तुझे कोपरे तर उजळ आहेत!

घोळ का होतो ते कळतं. काळे कोपरे आणि आभाळातला गडद पट्टा, दोन्ही भानगडी वाइडलाच जास्त दिसतात आणि फिल्टर काढला की दोन्ही जातात. मग खापर फिल्टरच्या रिंगवर फुटतं. मीही एकदा शहरातल्या एका दुकानदाराच्या सांगण्यावरून पातळ रिंगचा महागडा सीपीएल आणला होता. पट्टा होता तिथंच, तसाच.

काळे कोपरे तुम्हाला माहीत आहेत, म्हणून पटकन उरकतो. फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर) १६ एमएमची लेन्स आडव्यात साधारण ९७ अंश बघते. इतक्या तिरक्या येणाऱ्या उजेडाच्या वाटेत रिंगची कड आली की चारी कोपरे कापले जातात. यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर, त्यावर सीपीएल, त्यावर एनडी (उजेड कमी करणारा) अशी उतरंड रचल्यावर दुसरं काय होणार? यूव्ही काढा, पातळ रिंग घ्या, नाहीतर ७७ एमएम तोंडाच्या लेन्सला स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवायची जोडरिंग) लावून ८२ एमएमचा फिल्टर चढवा. झूम असेल तर १८-२० वर आलात तरी बऱ्याचदा भागतं. यूव्हीबद्दल माझं मत पक्कं आहे: डिजिटल कॅमेऱ्यात त्याचा उपयोग काच झाकण्यापुरता. आपल्याकडं धूळ आहे, मान्य. त्यासाठी ब्लोअर आणि हूड आहेत.

आता पट्टा. सूर्याचा उजेड हवेतल्या रेणूंवर पडून विखुरतो, तेव्हा त्यातला काही भाग एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित होतो. सीपीएल फिरवून आपण नेमका तेवढा भाग अडवतो, म्हणून आभाळ गडद होतं. पण आभाळ सगळीकडे सारखं ध्रुवित नसतं. सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त. सूर्याजवळ आणि त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला जवळपास नाहीच. पट्टा आभाळात आधीपासून असतो, फिल्टर तो उघडा पाडतो. मग रिंग पातळ असो की जाड, काय फरक पडणार?

५० एमएमची लेन्स आडव्यात जेमतेम ४० अंश बघते. पट्ट्याच्या मध्यावर रोखली तरी कडेच्या आभाळात, आदर्श गणितानं, मधल्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास ध्रुवण असतं. फरक डोळ्यांना खुपत नाही. १६ एमएमला तेच कडेला २८ टक्क्यांच्या आसपास उतरतं. म्हणून एकाच चौकटीत शाईही आणि विटलेला शर्टही.

मकबऱ्यावर हे हमखास का होतं? मुख्य दरवाजा दक्षिणेला, म्हणजे आत गेल्यावर आपलं तोंड उत्तरेला. सकाळी सूर्य उजव्या हाताला, संध्याकाळी डाव्या. सूर्य क्षितिजाजवळ असताना ९० अंशांचा पट्टा उत्तरेकडून उठून डोक्यावरून दक्षिणेला जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्य जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो, त्यामुळं पट्टा बरोबर घुमटामागून वर चढतो. वर पावसानं हवा धुतलेली. एप्रिल-मेच्या धुरकट आभाळात ध्रुवणच कमी पडतं, म्हणून तेव्हा कुणी तक्रार करत नाही.

ओळखायचं कसं? चारी कोपरे सारखे काळे असतील तर रिंग. मधोमध किंवा एकाच बाजूला गडद असेल तर पट्टा. तरी शंका राहिली तर चुन्यानं रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा: कोपरे तिथंही काळे येतील, पट्टा येणार नाही. किंवा कॅमेरा थोडा डावीकडं वळवा. कोपरे चौकटीबरोबर येतात, पट्टा आभाळात आपल्या जागी राहून चौकटीत उजवीकडं सरकतो.

फोटो काढण्याआधीच अंदाज हवा असेल तर तर्जनी सूर्याकडं धरा, अंगठा काटकोनात उघडा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून जाईल तिथं पट्टा.

इलाजही वेगळे. सीपीएल पूर्ण जोरावर ठेवू नका, थोडा मागं फिरवा. जागा असेल तर मागं सरून ३५ एमएमच्या आसपास या. दिशा बदलता येत असेल तर बदला. यातलं काही जमत नसेल तर फिल्टर काढून फोटो घ्या आणि नंतर एडिटिंगमध्ये निळा रंग थोडा खाली ओढा; मकबऱ्यावर मी आता हेच करतो. पॅनोरमाला तर सीपीएल लावूच नका, जोडल्यावर आभाळ झेब्रासारखं होतं. आणि कृपा करून व्हिग्नेटिंगचा स्लायडर ओढून पट्टा घालवायला जाऊ नका. तो स्लायडर कडा उजळतो. तुमच्या कडा आधीच उजळ आहेत, त्या अजून पांढऱ्या होतील आणि मधला डाग आहे तसाच राहील.

याचा अर्थ वाइडवर सीपीएल वाईट असा कुणी काढू नये. पावसाळ्यात नळदुर्गला नर-मादी धबधब्यापाशी किंवा वेरूळला २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ आभाळ चौकटीतून पूर्ण वगळा आणि १६ एमएमवर बिनधास्त सीपीएल फिरवा. ओल्या काळ्या दगडावरची चकाकी उतरते, पानांचा हिरवा रंग वर येतो. आभाळच नाही, तर पट्टा कुठून येणार?

व्हेरिएबल एनडीची (फिरवून उजेड कमी-जास्त करता येणाऱ्या फिल्टरची) मात्र तिसरीच तऱ्हा. त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर फिरतात. वाइडला तो शेवटपर्यंत फिरवला की फोटोवर भली मोठी काळी फुली उमटते. परवाच एकानं ती दाखवून विचारलं, "सर, हेपण व्हिग्नेटिंगच ना?"