हप्ता कमी म्हणजे गाडी स्वस्त? कुठं काय!
आमच्या रत्नागिरीत गणपती जवळ आले की हमखास कानावर येतं, "सात वर्षांचं लोन काढ, हप्ता कमी बसतो, गाडी स्वस्तात पडते." अहो स्वस्त कसली! ६ लाख ९ टक्क्यांनी घेतले तर ५ वर्षांचा हप्ता साधारण १२,४५० आणि ७ वर्षांचा ९,६५०, पण व्याज पहिल्यात १.४७ लाख नि दुसऱ्यात २.११ लाख, म्हणजे जवळपास ६४ हजार जास्तीचे, आंब्याच्या किती पेट्या झाल्या बघा. त्यात आपली खारी हवा, पत्र्याला गंज लागला तरी हप्ता चालूच. त्यापेक्षा बरी सेकंडहँड रोखीत घ्या, फक्त आधी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा नि सायलेन्सर नीट बघा, वरचा रंग काय कोणीपण मारून देतो.