शासकीय वसतिगृह: पहिल्या वर्षाचा अर्ज कुठे अडतो आणि आधीपासून काय सांभाळायचं

बारावीचा निकाल लागला की पहिली विचारणा हीच होते: "विद्यापीठाच्या होस्टेलचा फॉर्म कधी निघते?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्या होस्टेलशी संबंधच नसतो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला तुम्ही प्रवेश घेता तो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात. अमरावतीचं संत गाडगे बाबा विद्यापीठ असो की नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ, त्यांच्या परिसरातली वसतिगृहं प्रामुख्याने तिथल्याच विभागांत शिकणाऱ्यांसाठी असतात, आणि त्यात मोठा वाटा पदव्युत्तर मुलांचा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बी.एस्सी. कृषीला नंबर लागला असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी विद्यापीठाच्या जाहिरातीची वाट पाहण्यात जून घालवू नये. तुमच्यासाठी आहे ते शासकीय वसतिगृह, आणि त्याचा अर्ज वेगळा.

वेगळा म्हणजे खरंच वेगळा. महाविद्यालयाचा प्रवेश एक, महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरचा, शिष्यवृत्तीचा अर्ज दुसरा, वसतिगृहाचा तिसरा. "सर, मी ऑनलाइन भरला ना फॉर्म" असं सांगणाऱ्या मुलाची पावती पाहिली तर ती बहुतेक वेळा शिष्यवृत्तीची निघते. एका अर्जाने दुसरा होत नाही.

अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी समाजकल्याण विभागाची वसतिगृहं आहेत. त्यांत थोड्या जागा इतर प्रवर्गांनाही असतात. आदिवासी मुलांची वसतिगृहं आदिवासी विकास विभागाकडे, म्हणजे धारणी, पांढरकवडा, देवरी, अहेरी, भामरागड अशा तुमच्या प्रकल्प कार्यालयाकडे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी अलीकडे बहुजन कल्याण विभागाने राज्यात 72 वसतिगृहं मंजूर केली, जिल्ह्याला मुलांचं एक आणि मुलींचं एक. राहणं, जेवणं मोफत. निवड बारावीच्या गुणांवर, प्रवर्गनिहाय. जातीचा दाखला आणि रहिवासी दाखला हवाच. समाजकल्याणच्या वसतिगृहासाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. आणि ज्या शहरात महाविद्यालय आहे, त्याच शहराचे तुम्ही रहिवासी नसावेत.

ही शेवटची अट साधी वाटते, पण ती नेमकी चुकीच्या माणसाला आडवी येते. वडील नागपूरला बांधकामावर जातात, तिथल्याच पत्त्यावर आधार काढलेलं, आई आणि मूल मात्र गावात. कागदावर मूल नागपूरचं ठरतं आणि अर्ज बाद होतो. मुलाच्या आणि वडिलांच्या आधारवर, रेशनकार्डावर, उत्पन्नाच्या दाखल्यावर गावचाच पत्ता आहे ना, हे मे महिन्यातच पाहून घ्या. जुलैत दुरुस्तीला वेळ उरत नाही.

आता उत्पन्नाचा दाखला. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त अर्ज याच कागदावर अडतात. तलाठ्याने लिहून दिलेला दाखला चालत नाही; तो फक्त तहसीलदारांच्या दाखल्यासाठीचा आधार असतो. आणि तहसीलदारांचा दाखला हातात असला तरी त्याच्या तळाशी वैधतेची तारीख वाचा. तिथे बहुतेक 31 मार्च लिहिलेलं असतं. बारावीत असताना फेब्रुवारीत काढलेला दाखला, त्यावर गोल शिक्का, डिजिटल सही, सगळं ठीक. पण जूनमध्ये तो कागद मेलेला असतो. मुलं तोच जोडतात, कारण काढून चारच महिने झालेले असतात. नवा दाखला 1 एप्रिलनंतरचा हवा, नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा. एप्रिल-मेमध्ये सेतूत गर्दी कमी असते. निकालानंतर अख्खा तालुका तिथे उभा राहतो.

अर्ज सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर करा, पण टोकन क्रमांकाची पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे हा दाखला 15 दिवसांत मिळायला हवा. नाही मिळाला तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. "साहेब मिटिंगले गेले, पुढच्या सोमवारी या" हे उत्तर ऐकून मजुरी पाडून आलेला बाप मुकाट परत जातो, त्याचा मला फार राग येतो. पावती दाखवा, तारीख विचारा. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी कुणी 500 रुपयांचा स्टॅम्प आणायला सांगत असेल तर तोही लागत नाही; जात, उत्पन्न, रहिवासी या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे.

वडील हयात नसतील तर दाखला आईच्या नावाने काढा आणि वडिलांचा मृत्यू दाखला जोडा. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंदच केलेली नाही, अशी घरं आपल्याकडे आहेत. वर्ष उलटल्यावर ती नोंद वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. तेव्हा मूल अकरावीत असतानाच ते काम हाती घ्या. दुःखाच्या घरात हे कुणाला सुचत नाही. शेजाऱ्याने, शिक्षकाने आठवण करून द्यावी.

नावांचा घोळ आपल्या भागात ठरलेला. टी.सी.वर "रामदास", आधारवर "रामदासजी", जातीच्या दाखल्यावर "रामदासराव". आदराने लावलेलं "जी" पोर्टलला कळत नाही. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर जसं नाव आहे तसंच आधारवर करून घ्या.

टी.सी.ची मूळ प्रत महाविद्यालय जमा करून घेतं आणि मग परत मिळवणं कठीण. देण्याआधी रंगीत स्कॅन करून ठेवा, चार झेरॉक्स काढा. मध्ये वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र लागतं. तंदुरुस्तीचा दाखला सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचाच घ्या; खासगी दवाखान्याचं लेटरहेड परत येतं. फोटो, गुणपत्रक, प्रवेशाची पावती ही नेहमीची.

काही ठिकाणी, विशेषतः महाविद्यालयांच्या स्वतःच्या वसतिगृहात, स्थानिक पालकाचं नाव आणि सही मागतात. गावातल्या ज्या मुलाचं शहरात कुणीच नाही, त्याने काय करावं, हे फॉर्मवर लिहिलेलं नसतं. खोटं नाव टाकू नका. त्या शहरात नोकरीला असलेला गावचा माणूस, तुमच्या शाळेतल्या शिक्षकांचे नातेवाईक, कुणालातरी विचारून सही घ्या. तेही जमलं नाही तर गृहपालांना, म्हणजे वसतिगृहाच्या वॉर्डनना, आधीच भेटून सांगा.

बँक खातं आठवीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं असेल तर ते अल्पवयीन मुलाचं खातं आहे. अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी केल्याशिवाय व्यवहार होत नाहीत. आधार मोबाइलला जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, बँक खात्याशी जोडलेलं असणं वेगळं. बँकेत जाऊन दुसरं झालंय का, हे विचारा.

आणि कृपा करून अर्जात नेट कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर टाकू देऊ नका. कागद कमी पडला तर अर्ज त्रुटीसाठी परत पाठवतात, दुरुस्तीला थोडे दिवस देतात आणि कळवतात ते त्याच नंबरवर. कॅफेवाल्याकडे असे शेकडो मेसेज पडून असतात. मुलगी घरी यादीची वाट पाहत बसते आणि दुरुस्तीची मुदत कधीच संपून गेलेली असते. घरातला चालू नंबर द्या आणि दर दोन दिवसांनी स्वतः लॉगिन करून पाहा. अंतिम तारीख अर्ज सबमिट करण्याची असते, सुरू करण्याची नाही. यादीत नाव आल्यावरही दिलेल्या दिवसांत हजर झालं नाही तर जागा पुढच्याला जाते.

नाव नाही लागलं तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहाऐवजी बाहेर राहण्या-जेवणासाठी यांतून पैसे मिळतात. स्वाधारमध्ये नागपूरला वर्षाला 60,000, अमरावतीला 51,000, यवतमाळ-वाशीमसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये मिळतात. पण आधी वसतिगृहासाठी अर्ज केलेला हवा. "आपला नंबर थोडी लागते" म्हणून तो न भरणारे इथेही मुकतात. पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांचं खोलीभाडं आणि मेस यांची सोय घरून करावी लागते, हे आई-वडिलांना आधीच सांगा. 75 टक्के हजेरीची अट आहे. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीला मुलं पंधरा-पंधरा दिवस घरी थांबतात, तिथेच हजेरी जाते आणि पुढचा हप्ता अडतो.

प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही भरावं लागतं. ते ऑनलाइन भरल्यावर संदर्भ क्रमांक येतो, तो जपून ठेवा. त्रास झालाच तर 1800-180-5522 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक चोवीस तास चालू असतो. सामान लावतानाच मोबाइलमध्ये भरून घ्या, आणि घरच्यांच्या मोबाइलमध्येही.