रुपया-पौंड हुंडणावळीचा दर

रुपया-पौंड हुंडणावळीचा दर : भारतीय रुपया व ब्रिटिश पौंड स्टर्लिंग यांच्यातील विनिमयाचा दर. जुन्या कागदपत्रांत तो आजच्यासारखा 'एका पौंडाला इतके रुपये' असा नसून 'एका रुपयाला इतके शिलिंग-पेन्स' असा दिलेला असतो. पौंडाचे २० शिलिंग व शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. २४० ला दराने भागले की पौंडाचे रुपये मिळतात. १६ पेन्स दराने पौंडाचे १५ रुपये, १८ पेन्सने १३ रुपये ५ आणे ४ पै, २४ पेन्सने १० रुपये. या मांडणीत आकडा वाढला की रुपया वधारलेला असतो.

१८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन (वजनाचे एक लहान इंग्रजी माप) ठरले व त्यात १६५ ग्रेन निव्वळ चांदी असे. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शके. पौंड मात्र सोन्याचा होता. त्यामुळे हुंडणावळ लंडनमधील चांदीच्या भावामागे चाले. तो भाव प्रमाण औंसाला, म्हणजे ४४४ ग्रेन निव्वळ चांदीला, पेन्समध्ये सांगत; त्याला १६५/४४४ ने गुणले की रुपयातील चांदीची किंमत निघते. ६० पेन्स भावाला ती सुमारे २२ पेन्स होई. जर्मनीने १८७० नंतर सोन्याचे चलन स्वीकारून चांदी विकायला काढली, अमेरिकेतील खाणींचे उत्पादनही वाढले आणि चांदी घसरत गेली. १८७१-७२ मध्ये सरासरी सुमारे १ शि. ११ पे. असलेला दर १८९२-९३ मध्ये १ शि. ३ पे. वर आला. पेन्शने, कर्जावरील व्याज व इतर 'होम चार्जेस' भारत सरकारला लंडनमध्ये पौंडात भरावे लागत. एका पौंडासाठी पूर्वी साडेदहाच्या आत रुपये पुरत, आता १६ लागू लागले. तो भार अखेर भारतीय करदात्यावरच पडला.

भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार जून १८९३ मध्ये टांकसाळी खासगी नाणेपाडणीला बंद झाल्या. रुपयांची टंचाई करून दर १ शि. ४ पे. वर न्यायचा, असा हेतू होता. पण आधीचेच रुपये चलनात मुबलक असल्याने १८९४-९५ मध्ये दर सुमारे १३ पेन्सपर्यंत उतरला. १६ पेन्स गाठायला १८९८ उजाडले. १८९९ पासून सॉव्हरिन, म्हणजे एका पौंडाचे सोन्याचे नाणे, १५ रुपयांना कायदेशीर चलन झाले.

हा दर टिकवला तो कौन्सिल बिलांनी. भारतमंत्री (ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारताचे मंत्री) लंडनमध्ये पौंड घेऊन बिले विकत. ती दाखवून मुंबई, कलकत्ता वा मद्रासच्या सरकारी तिजोरीतून रुपये मिळत. भारतातून पैसे बाहेर जाऊ लागले की उलटी कौन्सिल बिले, म्हणजे भारतात रुपये घेऊन लंडनमध्ये पौंड देणारी बिले, विकत. १९०८ मध्ये ती १ शि. ३ २९/३२ पे. दराने विकली गेली. देशात रुपये, पण त्यांची किंमत सोन्याच्या पौंडाशी बांधलेली, अशा या सुवर्ण विनिमय परिमाणावर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या लंडनमधील प्रबंधात कडक टीका केली.

पहिल्या महायुद्धात व्यवस्था कोसळली. चांदी ४३ पेन्सच्या वर गेली की नाणे चालवण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे ठरे. हा टप्पा १९१७ मध्ये ओलांडला गेला आणि सरकारला दर पायरीपायरीने वाढवावा लागला : ऑगस्ट १९१७ मध्ये १ शि. ५ पे., डिसेंबर १९१९ मध्ये २ शि. ४ पे. चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या बॅबिंग्टन स्मिथ समितीने १९२० मध्ये २ शिलिंग (सोन्याचे) हा दर सुचवला. समितीचे सदस्य, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल यांनी भिन्नमतपत्रिका देऊन १ शि. ४ पे. चा आग्रह धरला. चांदी उतरताच दोन शिलिंग अशक्य ठरले. तरीही सरकार काही महिने स्वस्तात पौंड विकत राहिले, आणि १९२१ मध्ये दर १६ पेन्सच्याही खाली गेला. दलालांचे म्हणणे खरे ठरले.

यानंतरचा १६ की १८ पेन्स हा वाद सर्वांत तीव्र होता. भारतीय चलनावरील हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये १ शि. ६ पे. ची शिफारस केली, आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी विरोध नोंदवला, आणि १९२७ च्या कायद्याने १८ पेन्स कायम झाले. परदेशात १०० पौंडांना विकलेल्या कापसाचे आता १५०० ऐवजी १३३३ रुपये ५ आणे ४ पै येत. भाव व वेतने नव्या दराशी जुळली आहेत, असे आयोगाचे म्हणणे होते. पण शेतसारा आणि सावकाराचे कर्ज रुपयांतच ठरलेले होते, ते घटले नाही. म्हणून वऱ्हाड-खानदेशच्या कापूसवाल्यांच्या बाजूने पाहिले तर ठाकुरदासांचा आक्षेप अधिक वजनदार वाटतो.

सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण (पौंडाची सोन्याशी असलेली गाठ) सोडले, तरी रुपया १८ पेन्सलाच पौंडाशी बांधला गेला. सप्टेंबर १९४९ मध्ये दोन्ही चलनांचे डॉलरच्या तुलनेत ३०.५ टक्के अवमूल्यन एकत्रच झाले, त्यामुळे पौंडाच्या रकान्यात ते दिसतच नाही, तिथे १३.३३ रुपयेच राहतात. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने पौंड २१ रुपयांचा झाला. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड उतरला, रुपया उतरला नाही, आणि दर १८ वर आला. डिसेंबर १९७१ मध्ये तो १८.९७ रुपयांच्या आसपास बांधला गेला. सप्टेंबर १९७५ मध्ये पौंडाशी असलेली ही गाठ सोडून रुपया अनेक चलनांच्या गटाशी जोडण्यात आला.

जुने आकडे वाचताना काही चुका वारंवार होतात. '१/४' म्हणजे पाव नव्हे, १ शि. ४ पे. तारेने पाठवायच्या पैशांचा दर आणि तीन महिन्यांच्या हुंडीचा दर निराळे असतात, कारण हुंडीत व्याज मिसळलेले असते. दोन वर्षांची तुलना एकाच प्रकारच्या दरांनी करावी. एकोणिसाव्या शतकातील भारत सरकारच्या हिशेबांत 'पौंड' म्हणजे पुष्कळदा सरळ १० रुपयेच असत, प्रत्यक्ष दर काहीही असो. १९२० चे 'दोन शिलिंग' सोन्याचे की स्टर्लिंगचे, हेही तपासावे लागते, कारण तेव्हा स्टर्लिंग सोन्याच्या बरोबरीला नव्हते. फेब्रुवारी १९७१ पासून पौंडाचे १०० पेन्स झाल्याने २४० चा भागाकार त्यापुढे चालत नाही.