उत्तर आले नाही, म्हणजे काय समजायचे?

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामरांचे कोड साठवणाऱ्या सेवेच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरील यंत्रणेत बिघडत चाललेले १०० गिगाबिटचे ऑप्टिकल उपकरण बदलण्याचे नेहमीचेच काम चालू होते. त्या कामात तेथील नेटवर्क केंद्राचा मुख्य डेटा सेंटरशी असलेला संपर्क तुटला आणि ४३ सेकंदांत पुन्हा जुळलाही. सेवा मात्र त्यानंतर २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. बदली व्यवस्था तयार नव्हती, असे मुळीच नाही. ती होती, आणि तिने नेमून दिलेले काम केलेही. संपर्क तुटताच देखरेख करणाऱ्या प्रणालीने पूर्वेकडचे मुख्य डेटाबेस बंद पडले असे मानून पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसना मुख्य ठरवले. पूर्वेकडे मात्र काही सेकंदांच्या अशा नोंदी होऊन बसल्या होत्या, ज्या पश्चिमेकडे पोचल्याच नव्हत्या. संपर्क परत आला तेव्हा दोन्हीकडे दुसरीकडे नसलेल्या नोंदी होत्या, आणि त्यांचा मेळ घालण्यातच पुढचा दिवस गेला.

हे उदाहरण डेटाबेसचे आणि खंडाच्या दोन टोकांचे आहे. पण नेमके हेच कोडे एका कपाटात मावणाऱ्या, नेटवर्कवरून डिस्क पुरवणाऱ्या साध्या स्टोरेज सर्व्हरलाही रोज सोडवावे लागते. एक मार्ग बंद पडला की दुसऱ्या मार्गाने जाणे, म्हणजे फेलओव्हर, ही गोष्ट बाहेरून जितकी सोपी वाटते तितकीच आतून अवघड असते. कारण दुसऱ्या मार्गाने जाणे सोपे असले, तरी पहिला मार्ग बंद पडला आहे हे ठरवणे अवघड असते.

‘दोन केबल लावल्या की निश्चिंती’ हा समज फार पसरलेला आहे, म्हणून आधी त्याचा हिशेब करू. एक मार्ग ९९ टक्के वेळ चालू राहतो असे धरले, तर वर्षाच्या ८,७६० तासांपैकी जवळजवळ ८८ तास तो बंद असेल. असे दोन मार्ग असले आणि त्यांचे बिघाड एकमेकांशी संबंधित नसले, तर दोन्ही एकदम बंद असण्याची वेळ वर्षाकाठी सुमारे ५३ मिनिटांवर येते. हा आकडा खरा आहे, पण त्यातली ‘संबंधित नसले तर’ ही अट सगळे विसरतात. दोन्ही केबल एकाच नेटवर्क स्विचमध्ये, म्हणजे तारा जोडून निरोप पुढे पाठवणाऱ्या उपकरणात, खोचलेल्या असतील, किंवा दोन्ही स्विच एकाच विजेच्या पट्टीवर असतील, तर कागदावर दोन दिसणारे मार्ग प्रत्यक्षात एकच असतात. जाहिरातींत मिरवली जाणारी ९९.९९९ टक्क्यांची उपलब्धता, म्हणजे वर्षाला सव्वापाच मिनिटांचा खंड, बहुधा अशाच गुणाकारातून आलेली असते. ती वाचताना कोणत्या गोष्टी स्वतंत्र गृहीत धरल्या आहेत हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तो आकडा सजावट म्हणून सोडून द्यावा.

आता नीट केलेली रचना पाहू. सर्व्हरला दोन पोर्ट, मध्ये दोन वेगळे स्विच, आणि स्टोरेजच्या पेटीत डिस्कचा कारभार पाहणारे दोन कंट्रोलर, ज्यांतला प्रत्येक कंट्रोलर दोन्ही स्विचना जोडलेला आहे. सर्व्हरच्या प्रत्येक पोर्टपासून दोन कंट्रोलरपर्यंत वाट जाते, म्हणून एकाच डिस्कपर्यंत एकूण चार मार्ग होतात. गंमत अशी की ऑपरेटिंग सिस्टीमला हे चार मार्ग दिसत नाहीत, तिला चार वेगवेगळ्या डिस्क दिसतात. त्यांतल्या दोन डिस्क स्वतंत्र समजून कोणी वापरायला घेतल्या, तर एकाच जागेवर दोन हात दोन वेगळ्या गोष्टी लिहू लागतील आणि फाइल सिस्टीमचा चुराडा होईल. म्हणून मल्टिपाथ नावाचा थर मध्ये येतो. १९८६ साली प्रथम प्रमाणित झालेल्या स्कझी या, संगणक आणि डिस्क यांच्यातल्या बोलीतच डिस्कला तिची ओळख विचारण्याची सोय आहे; मल्टिपाथ चारही ‘डिस्क’ना हा प्रश्न विचारतो, चौघांकडून तेच ओळखचिन्ह आले की त्यांना एकत्र बांधतो, आणि वरच्या प्रोग्रामांना एकच डिस्क दाखवतो.

चारही मार्ग सारखे मात्र नसतात. बऱ्याच पेट्यांमध्ये डिस्कच्या एखाद्या भागाचा कारभार एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असतो. दुसऱ्याकडे आलेली मागणी त्याला आतल्या जोडणीतून पहिल्याकडे पाठवावी लागते. ते चालते, पण वेळ लागतो. पूर्वी काही पेट्यांत अशी मागणी आली की कारभारच दुसऱ्या कंट्रोलरकडे जात असे, आणि दोन सर्व्हर दोन वेगळ्या वाटांनी आले की कारभार चेंडूसारखा इकडून तिकडे उडत राही, काम मात्र जागच्या जागी. पुढे स्कझीमध्येच ‘आलुआ’ या नावाने ओळखला जाणारा संकेत आला. त्यात पेटी स्वतःच सांगते की हे मार्ग सोयीचे, ते चालतील असे, आणि अमुक सध्या वापरू नका. मल्टिपाथ मग सोयीच्या मार्गांवर काम वाटतो आणि बाकीचे राखून ठेवतो.

इथवर सगळे सरळ आहे. केबल उपटली तर पोर्टवरचा प्रकाश किंवा विद्युत संकेत तत्काळ जातो, हार्डवेअर तसे कळवते, आणि मल्टिपाथ लगेच दुसऱ्या वाटेने जातो. फेलओव्हरचे प्रात्यक्षिक दाखवणारे लोक म्हणूनच केबल उपटून दाखवतात. खरा त्रास देणारा मार्ग मेलेला नसतो, आजारी असतो. ऑप्टिकल जोडाच्या टोकावर धूळ बसली आहे, दिवा हिरवाच आहे, पण डेटाची शंभरांतली काही पाकिटे खराब होऊन पोचतात; किंवा स्विचचे पोर्ट जोडलेले दिसते, पण आत काही पुढे सरकत नाही. अशा वेळी सर्व्हरपुढे एकच माहिती असते, ती म्हणजे उत्तर आलेले नाही. मार्ग तुटला, की पेटीवर ताण आहे म्हणून उत्तर उशिरा येणार आहे, हे त्या शांततेवरून कळण्याचा कोणताही उपाय नाही. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी सिद्ध केले की निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच मर्यादा नसलेल्या व्यवस्थेत, एकच घटक बंद पडू शकत असला तरी, सर्वांचे एकमत नक्की घडवून आणेल अशी ठरीव रीत अस्तित्वातच नाही. आणि या निष्कर्षाच्या मुळाशी मंद आणि मृत यांत फरक करता न येणे हीच अडचण आहे.

व्यवहारात मग घड्याळाचा आधार घ्यावा लागतो. लिनक्समध्ये डिस्कला दिलेल्या आज्ञेची वाट पाहण्याची नेहमीची मुदत ३० सेकंद असते. ती संपल्यावरही लगेच दुसरा मार्ग धरला जात नाही. आधी ती आज्ञा रद्द करण्याचा प्रयत्न होतो, तो फसला तर डिस्क आणि पुढे पोर्ट नव्याने सुरू करण्याच्या पायऱ्या चढल्या जातात. आयस्कझीमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या स्कझीत, तुटलेली जोडणी परत येण्याची वाट लिनक्स मुळात १२० सेकंद पाहते, आणि मल्टिपाथ असेल तर ही मुदत मुद्दाम काही सेकंदांवर आणावी लागते. ते करायचे राहिले की दोन मिनिटे सगळे थिजते आणि लोक म्हणतात की फेलओव्हर चाललाच नाही. मुदत फार कमी ठेवावी, तर ताणाखाली असलेला धडधाकट मार्गही मृत ठरतो, त्याचे काम उरलेल्या मार्गांवर पडते, त्यांचीही उत्तरे लांबतात आणि तेही एकेक करून बाद होतात.

आता तो भाग, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. समजा सर्व्हरने डिस्कवरच्या एका ठोकळ्यावर, म्हणजे ठरावीक जागेवर, ‘अ’ लिहायला पहिल्या मार्गाने पाठवले आणि उत्तर आले नाही. ‘अ’ लिहिला गेला की नाही, हे त्याला माहीत नाही. तो दुसऱ्या मार्गाने पुन्हा ‘अ’ पाठवतो. त्याच ठोकळ्यावर तेच दोनदा लिहिले तरी बिघडत काही नाही, म्हणून ही पुनरावृत्ती निर्धोक वाटते. नंतर प्रोग्राम त्याच ठोकळ्यावर ‘ब’ लिहितो, त्याची पोचही येते. आणि मग पहिल्या मार्गात कुठेतरी अडकलेला जुना ‘अ’ मोकळा होऊन पोचतो आणि ‘ब’ पुसून टाकतो. कोणत्याही टप्प्यावर कोणी चूक केलेली नाही, कुठे त्रुटीचा संदेश नाही, आणि तरी डेटा खोटा झाला आहे. वर सांगितलेल्या रद्द करण्याच्या कंटाळवाण्या पायऱ्या चढाव्या लागतात त्या याचसाठी: नव्या वाटेने जाण्यापूर्वी जुन्या वाटेवरचा निरोप आता कधीच पोचणार नाही, याची खात्री हवी.

हीच अडचण दोन सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकमेकांची जागा घेऊ शकणाऱ्या जोडीत, कितीतरी पटींनी वाढते. दोघेही एकाच डिस्कसंचाला जोडलेले आहेत, एक काम करतो, दुसरा त्याच्या नाडीचे ठोके ऐकत बसतो. ठोके थांबले. पहिला मेला, की मधली तार तुटली? तार तुटली असेल तर दोघेही दुसऱ्याला मेलेला समजून एकाच डिस्कवर लिहू लागतील. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. दोघांत आणखी निरोपांची देवघेव करून हे सुटत नाही, कारण जी तारच भरवशाची नाही तिच्यावरून शेवटचा निरोप पोचल्याची खात्री कधीच होत नाही. तिसरा साक्षीदार ठेवून, तिघांतले दोघे जिकडे तिकडे कारभार, असा बहुमताचा नियम करता येतो आणि करावाच. पण बहुमत मिळालेल्या सर्व्हरलाही हरलेल्याचे हात थांबल्याची हमी त्यातून मिळत नाही, कारण हरलेल्याला आपण हरलो हे कळलेलेच नसते. कल्पना करा की तो एखादे व्हर्च्युअल मशिन, म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या पोटात चालणारा आभासी संगणक, आहे आणि ते काही कारणाने मिनिटभर गोठले होते. जागे झाल्यावर त्याच्या दृष्टीने मधला काळ गेलेलाच नसतो. अर्धवट राहिलेले लेखन ते निरागसपणे पुढे चालू करते.

म्हणून हरलेल्याला विचारायचेच नाही, त्याला बाहेर काढायचे; याला फेन्सिंग, म्हणजे कुंपण घालणे, म्हणतात. एक रांगडा उपाय म्हणजे त्याचा वीजपुरवठा दूरवरून तोडणे. माझा आवडता उपाय अधिक सभ्य आहे, आणि तो स्कझीतच आहे: पर्सिस्टंट रिझर्व्हेशन. प्रत्येक सर्व्हर डिस्ककडे आठ बाइटची एक किल्ली नोंदवतो, आणि ज्याची किल्ली नोंदलेली आहे त्यालाच लिहिता येईल असा नियम डिस्कवर लावला जातो. फेलओव्हरच्या वेळी जिवंत सर्व्हर डिस्कला सांगतो की दुसऱ्याची किल्ली खोडून टाक आणि त्याच्या अर्धवट आज्ञाही रद्द कर. हे दोन्ही एकाच आज्ञेत होते. त्यानंतर गोठलेला सर्व्हर जागा होऊन कितीही आत्मविश्वासाने लिहायला आला, तरी डिस्क ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’ असे म्हणून त्याला परत पाठवते. तारा तुटून दोघांनीही एकमेकांच्या किल्ल्या खोडायचा प्रयत्न केला, तर डिस्क त्या आज्ञा एकामागून एक घेते. पहिल्याची आज्ञा पूर्ण झाली की दुसऱ्याची किल्लीच उरलेली नसते आणि त्याची आज्ञा नाकारली जाते. ज्या प्रश्नाचे उत्तर दोन सर्व्हर आपसांत शोधू शकत नव्हते, ते जिथे दोघांना यावेच लागते त्या जागेवरच्या क्रमाने मिळते. मेला कोण याचा निर्णय न करताही डेटा शाबूत राहतो, हे त्यातले सौंदर्य.

फाइलींच्या पातळीवर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या एनएफएससारख्या सेवेत, आणखी दोन-तीन बारकावे येतात. सेवेचा आयपी पत्ता दुसऱ्या सर्व्हरकडे जातो, आणि तो सर्व्हर कोणी न विचारताच ‘हा पत्ता आता माझा’ असे एआरपीचे, म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा हे कळवणाऱ्या पद्धतीचे, निवेदन नेटवर्कवर पाठवतो. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत नवा सर्व्हर काही काळ, लिनक्समध्ये मुळात ९० सेकंद, फक्त फाइलींवरची आपली जुनी कुलुपे परत मागणाऱ्यांनाच दाद देतो. हा काळ बिघाडाचा वाटतो, पण तो मुद्दाम ठेवलेला असतो. एखादी फाइल पुसण्याची आज्ञा दोनदा पोचली तर दुसऱ्या खेपेला ‘अशी फाइल नाही’ असे खोटे वाटणारे उत्तर जाऊ नये, म्हणून दिलेली उत्तरे लक्षात ठेवावी लागतात.

पेटीतल्या कंट्रोलरांचेही असेच. एक गेल्यावर काम चालू राहते, पण पुष्कळदा मंदावते. नेहमी प्रत्येक लेखन दोन्ही कंट्रोलरांच्या स्मृतीत उतरले की लगेच पोच दिली जाते. एकटा उरलेला कंट्रोलर डेटाची दुसरी प्रत ठेवू शकत नाही, म्हणून बऱ्याच पेट्यांत तो प्रत्यक्ष डिस्कवर लिहून झाल्यावरच पोच देतो.

ज्यांच्या हाती अशी यंत्रणा आहे त्यांनी केबल उपटण्याची चाचणी करावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. लिनक्समधील ‘नेटेम’ हे नेटवर्क मुद्दाम बिघडवण्याचे साधन वापरून एका मार्गावरची काही टक्के पाकिटे गाळता येतात किंवा उशिरा पोचवता येतात. तसे करून घड्याळ लावून पाहावे. आणि क्लस्टर असेल, तर काम करणारे व्हर्च्युअल मशिन लेखनाच्या ऐन मध्यावर गोठवावे, दुसऱ्याने कारभार घेईपर्यंत थांबावे, आणि मग पहिल्याला जागे करावे. त्याच्या लॉगमध्ये ‘रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट’ ही ओळ उमटायला हवी. ती न उमटता त्याचे लेखन यशस्वी झाले, तर कुंपण नुसते कागदावर आहे.